ओझर ते नागपूर: हवाई अंतर एकच, मग उड्डाणाचा वेळ प्रत्येक ठिकाणी वेगळा का?

गोदाकाठ:

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या प्रकरणासाठी मला आणि माझ्या आईला पुढील काही महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावे लागणार आहे. आईचे वय आणि तिचे गुडघे लक्षात घेता रात्रभराचा रेल्वेप्रवास टाळावा असे वाटते, म्हणून ओझर विमानतळावरून थेट नागपूरला जाणाऱ्या विमानाचा विचार करीत आहे. मात्र अंतर आणि वेळ यांची माहिती शोधू लागल्यापासून गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतच चालला आहे.

एका संकेतस्थळावर नाशिक ते नागपूर हवाई अंतर ५४५ किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ ४१ मिनिटे दिला आहे. दुसऱ्या ठिकाणी हेच अंतर ५६५ किलोमीटर आणि वेळ एक तास बारा मिनिटे आहे. प्रत्यक्ष तिकिटाच्या पानावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ पाहिली, तर दोहोंमध्ये दीड तासाहून अधिक काळ जातो. विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटर असतो असे आपण सारेच ऐकत आलो आहोत. मग पाचशे-साडेपाचशे किलोमीटरला दीड तास का लागावा? यांपैकी कोणता आकडा खरा मानायचा, आणि सुनावणी सकाळी साडेदहाला असेल तर त्याच दिवशी सकाळी नाशिकहून निघणे शहाणपणाचे ठरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

त्रिकोणमिती:

गोदाकाठ, तुमच्या प्रश्नातील अंतराचा भाग मी घेतो; वेळेविषयी येथे माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारे सदस्य आहेत.

५४५ आणि ५६५ हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते वेगवेगळ्या बिंदूंमधील अंतरे सांगतात. पहिला आकडा विमानतळ ते विमानतळ असा आहे आणि दुसरा शहराचा मध्य ते शहराचा मध्य. ओझरचा विमानतळ नाशिक शहराच्या ईशान्येस, म्हणजे नागपूरच्याच बाजूला आहे. त्यामुळे शहरापासून विमानतळापर्यंत तुम्ही रस्त्याने जे अंतर कापता, त्याचा बराचसा भाग हवाई अंतरातून आपोआप वजा होतो. नागपूरचा विमानतळ मात्र सोनेगावला, शहराच्या नैर्ऋत्येकडे असल्याने तिथेही आणखी थोडी बचत होते.

हे गणित घरी कागदावर करता येते, आणि एकदा ते केले की संकेतस्थळांवर विसंबून राहावे लागत नाही. ओझर विमानतळ साधारण २०.१२ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९१ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा विमानतळ २१.०९ उत्तर आणि ७९.०५ पूर्व. अक्षांशांतील फरक ०.९७ अंश आहे. एका अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर धरले, तर उत्तरेकडे १०८ किलोमीटर होतात. रेखांशांतील फरक ५.१४ अंश आहे. रेखावृत्ते ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्या अक्षांशावर एका रेखांशाचे अंतर १११ नसून सुमारे १०४ किलोमीटर भरते, आणि त्यानुसार पूर्वेकडे ५३५ किलोमीटर होतात. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण मांडला की कर्ण ५४५-५४६ किलोमीटर येतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग किंचित उत्तरेकडे फुगतो हे खरे, पण इतक्या लहान पल्ल्यात तो फुगवटा मध्यावर जेमतेम दोन किलोमीटरचा असतो. मुंबई ते न्यूयॉर्क असे अंतर काढायचे असेल तरच त्याची काळजी करावी.

हीच रेषा नकाशावर आखून पाहिल्यास एक गंमत दिसते. ओझरहून निघालेली सरळ रेषा मनमाडजवळून जाते, चाळीसगाव डावीकडे ठेवते, अजिंठ्याच्या लेण्यांच्या थोडी दक्षिणेकडून सरकते, नंतर बुलढाणा आणि अकोला यांच्या जवळजवळ माथ्यावरून व बडनेऱ्यापाशी होऊन नागपूरला पोहोचते. रेल्वेची वाटही मनमाड, अकोला, बडनेरा अशीच आहे, परंतु ती मध्ये भुसावळसाठी उत्तरेकडे आणि पुढे वर्ध्यासाठी दक्षिणेकडे वळसा घेते. त्यामुळे नाशिक रोड ते नागपूर हे रेल्वेचे अंतर सुमारे ६५० किलोमीटर होते. म्हणजे शंभर किलोमीटरची तफावत केवळ या दोन वळणांमुळे आणि घाट-खोऱ्यांतील वळसे-वेलांट्यांमुळे पडते.

धावपट्टी०९:

मी काही वर्षे विमान कंपन्यांच्या उड्डाण-नियोजनाशी संबंधित काम केले आहे, म्हणून वेळेविषयी लिहितो.

४१ मिनिटे हा आकडा ५४५ किलोमीटरला ताशी ८०० ने भागून काढलेला आहे, इतकेच त्याचे रहस्य. विमान धावपट्टीच्या टोकाशी उभे असताना त्याचा वेग आधीच ८०० असता, ते त्याच वेगाने नागपूरच्या धावपट्टीवर आदळले असते, आणि मध्ये चढणे-उतरणे नसते, तर तो आकडा खरा ठरला असता. दुसऱ्या संकेतस्थळाने ५६५ ला ८०० ने भागून त्यात सरसकट ३० मिनिटे मिळवली आहेत. ही रीत थोडी बरी आहे. पण विमान कोणते, हे तिलाही ठाऊक नसते.

आणि सारे उत्तर तिथेच दडलेले आहे. मार्च २०२३ मध्ये इंडिगोने नाशिकहून नागपूर, अहमदाबाद आणि गोवा या सेवा सुरू केल्या त्या एटीआर ७२ या विमानाने. हे पंख्याचे, ७८ आसनांचे विमान आहे. त्याचा समतल उड्डाणातील वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो आणि ते २५,००० फुटांच्या वर जात नाही. ताशी ८०० किलोमीटर हा वेग एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या जेट विमानांचा आहे.

आता एटीआरच्या प्रवासाचे तुकडे पाडून पाहा. चढण्यास १५ ते २० मिनिटे लागतात आणि त्या काळात जमिनीवरील अंतर ताशी साडेतीनशेच्या गतीने कापले जाते, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर. मधले साडेतीनशे किलोमीटर ताशी ५०० ने गेले की ४०-४५ मिनिटे होतात. शेवटचे शंभर किलोमीटर उतरण्यात आणि धावपट्टीसमोर येण्यात जातात. तिथे वेग टप्प्याटप्प्याने कमी होत अखेरीस ताशी दोनशेच्या घरात येतो, म्हणून आणखी १५ ते २० मिनिटे धरावीत. हवेतील एकूण वेळ अशा प्रकारे सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे होतो.

यात धावपट्ट्यांच्या दिशांचाही वाटा आहे, आणि तो कोणत्याही संकेतस्थळाच्या हिशेबात नसतो. ओझरची तीन हजार मीटरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. नागपूर साधारण ७८ अंशांच्या दिशेला, म्हणजे जवळजवळ थेट पूर्वेला आहे. वारा पूर्वेकडून असेल तर विमान पूर्वेकडे उडते आणि जवळपास नाकासमोर नागपूरची वाट धरते. वारा पश्चिमेचा असेल, आणि पावसाळ्यात तो असतोच, तर विमानाला पश्चिमेकडे तोंड करून उडावे लागते आणि मग पूर्ण वळून मागे यावे लागते. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे. वायव्येकडून उतरायचे ठरले तर नाशिकहून येणाऱ्या विमानाला साधे उजवे वळण पुरते. आग्नेयेकडून उतरायचे असेल तर विमानतळ ओलांडून पलीकडे जाऊन परत फिरावे लागते. दोन्ही टोकांना उलट दिशा वाट्याला आली, तर आठ-दहा मिनिटे सहज वाढतात. खिडकीत बसलेल्या प्रवाशाला आपण नागपुरावर पोहोचलो तरी विमान पुढे का चालले आहे असा प्रश्न पडतो, त्याचे कारण हेच असते.

राहिला तिकिटावरील वेळ. तो हवेतील वेळ नसतो. विमान उभ्या जागेवरून हलले त्या क्षणापासून नागपूरला उभ्या जागेवर थांबेपर्यंतचा सारा काळ त्यात मोजला जातो आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. ओझरला इंजिने सुरू करून धावपट्टीपर्यंत जाणे, तिथे परवानगीची वाट पाहणे आणि नागपूरला उतरल्यावर थांब्यापर्यंत येणे, यांची १०-१५ मिनिटे त्यात मिळवली की दीड तास होतो. त्यावर कंपन्या थोडी राखीव मिनिटे ठेवतात, कारण ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर मानले जाते आणि ती टक्केवारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दरमहा प्रसिद्ध करते. ओझरच्या बाबतीत अशी राखीव मिनिटे ठेवणे मला तरी रास्त वाटते. तो विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा आहे, शेजारीच सुखोई लढाऊ विमानांचा कारखाना आहे, आणि लढाऊ विमानाची चाचणी सुरू असताना प्रवासी विमानाला काही मिनिटे थांबवले जाणे स्वाभाविक आहे. नागपूरलाही सोनेगावचा हवाई दलाचा तळ आहेच.

म्हणून ४१ मिनिटे विसरून जा. नियोजनासाठी तिकिटावरील वेळच धरा, आणि विमान १०-१५ मिनिटे आधी पोहोचले तर आनंद माना.

गोदाकाठ:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. त्रिकोणमितींचे गणित मी कागदावर करून पाहिले आणि ते तंतोतंत जुळले. आणखी दोन शंका आहेत. या मार्गावर जेट विमान असते तर निम्म्या वेळात पोहोचता आले असते का? आणि परतीच्या उड्डाणाला जाण्याच्या उड्डाणापेक्षा अधिक वेळ दाखवला जातो, असे काही मार्गांवर पाहिले आहे. इथेही तसे होईल का?

धावपट्टी०९:

निम्म्या वेळात नक्कीच नाही. जेट विमान ३०,००० फुटांच्या वर गेल्यावर खऱ्या अर्थाने वेगात येते, आणि तिथवर चढणे व तिथून उतरणे यांतच या पल्ल्यातील साडेतीनशे-चारशे किलोमीटर संपतात. पूर्ण वेगाने उडण्यासाठी उरतात ते दीडशे-दोनशे किलोमीटर. धावपट्टीपर्यंत जाणे, वळसे आणि थांबणे हे तर दोघांनाही सारखेच. त्यामुळे दारापासून दारापर्यंत जेटने फार तर १५-२० मिनिटे वाचतील, आणि त्यासाठी इंधन मात्र बरेच अधिक जळेल. शिवाय १८० आसने रोज भरतील इतके प्रवासी नाशिक-नागपूर मार्गावर मिळणे कठीण. पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या प्रादेशिक मार्गांसाठी एटीआरसारखी विमाने निवडली जातात ती याच हिशेबाने.

वाऱ्याविषयी तुमचा तर्क योग्य आहे. हिवाळ्यात आपल्याकडे १५-२० हजार फुटांवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. उदाहरणादाखल तो ताशी ५० किलोमीटर धरा. ताशी ५०० ने उडणारे विमान जाताना जमिनीच्या हिशेबाने ५५० ने जाईल आणि येताना ४५० ने येईल. ५४५ किलोमीटरला जाताना एक तास आणि येताना सुमारे ७३ मिनिटे, म्हणजे १३ मिनिटांचा फरक. जेटचा वेग अधिक असल्याने त्याच वाऱ्याचा परिणाम त्याच्यावर कमी होतो. पंख्याच्या विमानाला तो अधिक जाणवतो. विमान कंपन्यांची वेळापत्रके मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा सुनावणीची तारीख हिवाळ्यातली असेल तर आज दिसणाऱ्या वेळा गृहीत धरू नयेत.

आईंच्या गुडघ्यांचा उल्लेख केलात म्हणून एक गोष्ट सांगतो. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात, आणि हे विमान जमिनीपासून बरेच ठेंगणे असल्यामुळे जेट विमानाच्या शिडीपेक्षा पायऱ्या पुष्कळच कमी असतात. मागच्या बाजूच्या रांगेतील आसने घेतल्यास आत चालणेही वाचते. चाकांच्या खुर्चीची मागणी मात्र तिकीट काढतानाच नोंदवावी, ऐन वेळी विमानतळावर नव्हे.

वऱ्हाडातला:

वरील चर्चा उत्तम झाली आहे, परंतु गोदाकाठ यांना खरा निर्णय घ्यायचा आहे तो घरापासून न्यायालयापर्यंतच्या वेळेचा. मी नाशिकला नोकरी करतो, घर अकोल्याकडे, आणि कामानिमित्त नागपूरला जाणे-येणे असते. मागच्या खेपेला सरळ रेषेतील माझे गाव खिडकीतून शोधण्यात मी इतका गुंग झालो की चहा थंड झाला. असो.

विमानाचा हिशेब असा होतो. नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून ओझर विमानतळ मुंबई-आग्रा महामार्गाने वीस-बावीस किलोमीटर. द्वारका चौकातील गर्दी धरून पाऊण तास. सामान देण्याची खिडकी सुटण्याच्या साधारण एक तास आधी बंद होते, त्यामुळे दीड तास आधी पोहोचलेले बरे. प्रवास पावणेदोन तासांचा धरावा. नागपूरला सामान घेऊन बाहेर पडणे आणि सिव्हिल लाइन्समधील खंडपीठापर्यंत जाणे यांस मिळून एक तास. मेट्रोचे विमानतळ स्थानक वर्धा मार्गावर आहे आणि तिथून कस्तुरचंद पार्कपर्यंत थेट जाता येते, पण ते टर्मिनलपासून चालत जाण्याजोगे नाही. आईंसोबत टॅक्सीच करावी. एकूण पाच तास होतात, ज्यांतील हवेतील वेळ सव्वा तासाचा आहे.

समृद्धी महामार्गाने मोटार घेऊन गेल्यास नाशिकहून सिन्नरमार्गे गोंदे येथे चढून नागपूरपर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर. म्हणजे हवाई अंतरापेक्षा रस्ता जेमतेम दहा टक्क्यांनी लांब आहे, आणि इतका सरळ रस्ता आपल्या राज्यात दुसरा क्वचितच सापडेल. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, तरी थांबे धरून सात ते आठ तास लागतात. एकसुरी रस्त्यावर चालकाला डुलकी लागण्याचा धोका असतो, म्हणून एकट्याने सलग चालवू नये. रेल्वेला दहा-अकरा तास. पण विदर्भ एक्सप्रेससारखी गाडी रात्रीची असल्याने दिवस मोडत नाही, आणि वातानुकूलित डब्यातील खालचा बर्थ मिळाला तर अनेक ज्येष्ठांना तीच सोय अधिक मानवते. हे मत आईंना विचारूनच ठरवावे.

त्याच दिवशी सकाळी निघण्याविषयी माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. या मार्गावर दिवसभरात पाच-सहा विमाने नाहीत. एक चुकले किंवा रद्द झाले, तर पर्याय उरतो तो मुंबईमार्गे जाण्याचा, आणि तोवर तुमच्या प्रकरणाचा पुकारा होऊन गेलेला असेल. आदल्या दिवशी पोहोचून सीताबर्डी किंवा धंतोली परिसरात मुक्काम करावा. परतीचे तिकीट मात्र सुनावणीच्या दुसऱ्या दिवसाचे काढावे, कारण प्रकरण किती वाजता पुकारले जाईल हे कोणीच सांगू शकत नाही.

सोनेगाव:

वऱ्हाडातला यांच्या सल्ल्याशी सहमत आहे. एक आनुषंगिक गोष्ट: देशाच्या मध्यावर असण्याचा लाभ नागपूरने फार पूर्वीपासून घेतला आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या शहरी परत जात. तेव्हाच्या डकोटा विमानांचा वेग आजच्या एटीआरपेक्षाही बराच कमी होता, तरी चारही दिशांची अंतरे इतकी जुळणारी होती की वेळापत्रक साधत असे.

गोदाकाठ:

आदल्या दिवशी जाण्याचे निश्चित केले. शेवटचा प्रश्न: विमान रद्द झाले किंवा फार उशीर झाला, तर प्रवाशाला काय मिळते?

धावपट्टी०९:

इथे पुन्हा तोच ब्लॉक टाइम उपयोगी पडतो, कारण भरपाईची रक्कम अंतरावर नव्हे तर त्याच्यावर ठरते. महासंचालनालयाच्या नियमांनुसार, रद्द झाल्याची सूचना वेळेत दिली गेली नाही तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय होते. पर्यायी विमान किंवा परतावा हा हक्क त्याहून वेगळा आहे. नाशिक-नागपूर मधल्या गटात येते. संकेतस्थळावरील ४१ मिनिटे खरी मानली असती, तर तुम्ही स्वतःच स्वतःला पहिल्या गटात बसवले असते.

हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे, म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने विमान रद्द झाल्यास ही भरपाई मिळत नाही. उशिराच्या बाबतीत, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल, तर प्रतीक्षा करणाऱ्या प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय करून देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ती मागून घ्यावी लागली तरी संकोच करू नये.

आणखी एक. तिकीट काढताना संपर्काची माहिती न दिलेल्या प्रवाशाला भरपाई नाकारता येते. एजंटाकडून तिकीट काढणार असाल, तर तो पुष्कळदा स्वतःचाच दूरध्वनी क्रमांक टाकतो. तिथे तुमचा क्रमांक टाकायला लावा आणि तिकीट हाती आल्यावर तो कंपनीच्या नोंदीत दिसतो आहे ना, हे एकदा तपासून घ्या.